विम्याचा कागद आणि विमा
विमा कायदा, 1938 च्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता आगाऊ जमा झाल्याखेरीज जोखीम, म्हणजे नुकसानभरपाईची जबाबदारी, विमा कंपनीवर येत नाही. त्यामुळे परवाना नसलेल्या मध्यस्थाने स्वतःच्या यूपीआय खात्यावर पैसे घेऊन वाहनविम्याचा हुबेहूब कागद छापून दिला, तरी त्याची किंमत रद्दीइतकीच राहते, आणि हे बहुधा अपघातानंतरच उघड होते. यूआयएन, म्हणजे प्रत्येक विमा योजनेचा ओळख क्रमांक, खऱ्या पॉलिसीवरून सहज उतरवून घेता येत असल्याने पॉलिसी क्रमांक थेट कंपनीकडेच पडताळणे भरवशाचे ठरते. कमिशनमधून सूट देऊ करणे कलम 41 नुसार निषिद्ध आहे, तेव्हा ‘स्वस्तात करून देतो’ हे आमिषच संशयास्पद म्हणावे लागते. विम्यासारखी वाटणारी दुकानदाराची वाढीव वॉरंटी मात्र साधारणतः विमा नसून सेवा-करार असते आणि तिची तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते.