चुकीच्या लेबलाखाली त्रेसष्ट वर्षं

मिठाच्या बरणीवर साखरेचं लेबल राहिलं तर आपल्याकडे फार तर सकाळचा चहा बिघडतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका प्राणिसंग्रहात अशाच चुकीच्या लेबलाखाली पक्ष्याची एक अख्खी जात त्रेसष्ट वर्षं दडून राहिली होती!

१९२९ साली फिलिप्स व्हिसर हे डच गृहस्थ काराकोरम पर्वताच्या मोहिमेवर निघाले. पत्नी जेनी बरोबर होत्याच. (बाई नुसत्या सोबतीला नव्हत्या बरं का! १९२५ च्या मोहिमेवर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं आहे.) पक्षी गोळा करण्याचं काम जेरोम सिलेम यांच्याकडे होतं. सप्टेंबरात अक्साई चीनच्या उजाड पठारावर, ५,१२५ मीटर उंचीवर, त्यांना चिमणीएवढे दोन पक्षी मिळाले. एक मोठा नर, दुसरं पिल्लू. त्या डोंगरांत ब्रँटचा पहाडी फिंच नेहमी दिसतो, तेव्हा हे दोघेही त्यातलेच समजून भुसा भरून खणात गेले.

पुढे रोझेलार या अभ्यासकांनी ते नीट न्याहाळले. ब्रँटच्या नराचं कपाळ काळपट असतं, याचं डोकं फिकट तपकिरी. पिल्लाच्या अंगावर रेघा होत्या, ब्रँटच्या पिल्लाला त्या नसतात. १९९२ मध्ये नवी जात जाहीर झाली, नाव पडलं सिलेमचा पहाडी फिंच.

आता प्रश्न आला, हा पक्षी धोक्यात आहे की सुखरूप? संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत त्याला ‘अपुरी माहिती’ या रकान्यात बसवलं गेलं. हा रकाना फसवा आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर ती पटकन म्हणतील, “म्हणजे धोका नाही!” पण दवाखान्यात रक्त तपासलंच नाही, तर ‘आजार नाही’ असं कोण लिहून देईल? दोन भुसा भरलेल्या पक्ष्यांवरून संख्या वाढते की घटते, हे ठरवायचं तरी कसं? आणि ते जिथे सापडले तो मुलूख भारत-चीन तंट्यातला. दुर्बीण घेऊन हिंडायला तिथे कोण जाऊ देणार!

तरी २०१२ च्या जूनमध्ये यान म्युझिका या पक्षीप्रेमींना चीनच्या छिंघाय प्रांतात, पहिल्या जागेपासून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला, हे फिंच जिवंत दिसले. छायाचित्रंही मिळाली. म्हणजे पक्षी आहे, एवढं पक्कं झालं. पण मधल्या एवढ्या मुलुखात तो सगळीकडे पसरलाय, की या दोन टोकांनाच उरलाय? पहिलं असेल तर चिंता कमी. दुसरं असेल तर मात्र कठीण, कारण हवा तापू लागली की खालच्या उंचीवरचे पक्षी वर सरकू शकतात. हा तर आधीच जवळजवळ माथ्यावर राहतो.

ते दोन जुने नमुने आता लायडनच्या संग्रहालयात आहेत. आणि तिकडच्या पठारांवर ब्रँटच्या फिंचचा थवा उतरला, की जाणकाराला एकेका नराचं कपाळ निरखून पाहावं लागतं.