क्लब, नियम आणि घड्याळ : डेक्कन जिमखान्याची सुरुवातीची वर्षे

खेळाच्या क्लबाचा इतिहास म्हटले की आपण जिंकलेल्या चषकांची यादी शोधतो. या टिपणात आपण वेगळा प्रश्न घेणार आहोत. क्लब आणि आखाडा यांत नेमका फरक काय?

आम्ही वाराणसीत राहणाऱ्यांना आखाडा समजावून सांगावा लागत नाही. या शहराचा मराठी मुलखाशी याही बाबतीत संबंध आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी तो काशीत आणून आखाडा काढला, असे मल्लखांबाच्या परंपरेत सांगितले जाते. इथे विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते आणि अंगात मुरते. लिहिलेले नियम नसले तरी अडत नाही, कारण वाद झाला तर वस्ताद बसलेलेच असतात.

अडचण येते ती दोन अनोळखी गट समोरासमोर आले की. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचे उदाहरण पाहा. टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवले की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पण फुटबॉल म्हणजे कोणता? इंग्लंडहून आलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेचे नियम घेऊन आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन शाळांचा सामना सुरू झाला. एका बाजूला चाळीस खेळाडू! तो पुढचे दोन शनिवार चालला आणि बरोबरीत सुटला. अखेर १७ मे १८५९ रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबाच्या मंडळींनी एका हॉटेलात बसून दहा नियम कागदावर उतरवले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल त्या कागदापासून वाढला. म्हणजे क्लब आधी, नियम नंतर, आणि खेळाचे आजचे रूप त्याहूनही नंतरचे.

आता पुण्याकडे येऊ. ‘डेक्कन’ म्हणजे बसचा थांबा, असे आज अर्ध्या पुण्याला वाटते. मूळ संस्था १९०६ साली बाळकृष्ण नारायण ऊर्फ बंडोपंत भाजेकर यांच्या पुढाकाराने मुठेच्या पलीकडे उभी राहिली. तिचे नाव इंग्रजी वळणाचे, पण आस्था देशी खेळांचीही होती. खो-खोचे नियम ठरवण्यासाठी जिमखान्यात १९१४ साली समिती नेमली गेली. आधी हा खेळ गावोगावी चाले; किती जणांनी बसायचे, किती वेळ पळायचे, मागे वळायचे की नाही, हे त्या त्या गावाचे. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने खो-खोचे नियम छापले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटेल. दोन कारखान्यांचे नट-बोल्ट एकमेकांत बसायचे तर आट्यांचे माप आधी ठरलेले लागते. ते ठरले की गावाची खास पद्धत मात्र बाद होते. खो-खोतही काही सुंदर स्थानिक प्रकार असेच गेले असणार. मला ही किंमत लहान वाटत नाही.

धावण्याच्या बाबतीत हीच गोष्ट जास्त ठळकपणे दिसली. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या क्रीडामेळ्याला सर दोराबजी टाटा आले होते. धावणारे बहुतेक शेतात राबणारे तरुण होते. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायची ठरली होती, कारण मैदानच लहान! शिस्तीची आखलेली धावपट्टी नव्हती. धावणे म्हणजे धावणे. ते ठरावीक अटींखाली करायचे असते ही कल्पना धावणाऱ्यांना नव्हती, आयोजकांनाही नव्हती, असे टाटांनी पुढे एका पत्रात नोंदवले आहे. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत याच मुलांनी खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावून जो वेळ दिला, तो त्यांना थक्क करणारा वाटला. पाहुणे म्हणून आलेले मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या सूचनेला धरून यांना ऑलिंपिकला पाठवण्याचे घाटू लागले.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा चमू गेला. त्यात बंगालचे पूर्मा बॅनर्जी, धावपटू फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे कुस्तीगीर होते. शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले. आखाड्यात तयार झालेला मल्ल परक्या नियमांत इतका टिकला, याकडे लक्ष द्या. त्यांच्या अंगातली विद्या जुनीच होती, नवा होता तो फक्त निर्णयाचा कागद.

मॅरेथॉन त्या वर्षी ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त होती. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. बेळगावकडचे चौगुले एकोणिसावे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. पुण्याच्या रस्त्यावर ते किती वेगाने धावले हे पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिले. अँटवर्पची वेळ मात्र आजही कोणत्याही धावपटूच्या वेळेशेजारी ठेवून वजाबाकी करता येते.