विजेरीतला लिथियम घट : गुणी, पण तापट

आपल्याकडे विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणण्याची रीत आहे. दिवे गेले की आई म्हणते, “बॅटरी आण रे,” आणि मुलगा विजेरी आणून देतो. जुन्या विजेरीत दीड व्होल्टचे कोरडे घट असत. ते फार तर गळत आणि विजेरी गंजवीत. आज मीरा रोडच्या बाजारात मिळणाऱ्या अनेक विजेऱ्यांत मात्र पुन्हा भारित करता येणारा लिथियम-आयन घट असतो. त्याचा स्वभाव निराळा आहे, आणि तो ओळखूनच त्याला हाताळले पाहिजे.

या घटावर बहुधा १८६५० असा आकडा असतो. तो शक्तीचा नव्हे, मापाचा आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. घटाच्या पोटात तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या वर्खावर धातूच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. दोहोंमध्ये केसाहूनही पातळ अशी प्लॅस्टिकची सच्छिद्र पट्टी असते. या साऱ्यांची गुंडाळी करून ती सेंद्रिय द्रवात भिजवतात. हा द्रव ज्वालाग्राही असतो, हे विसरू नका. घट भारित होताना लिथियमचे आयन ऑक्साइडकडून ग्रॅफाइटकडे जातात; विजेरी लावली की परत येतात. असे घट १९९१ साली बाजारात आले. त्यांच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता थोडे गणित करू. घटाची धारिता २.५ अँपिअर-तास आणि सरासरी विभवांतर ३.६ व्होल्ट धरले, तर साठलेली ऊर्जा २.५ × ३.६ × ३६०० = ३२,४०० ज्यूल होते. एवढ्या ऊर्जेने एक किलोग्रॅमचे वजन सुमारे ३,३०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या दुप्पट वर नेता येईल! ही ऊर्जा तासाभरात सावकाश बाहेर पडली तर प्रकाश मिळतो. क्षणार्धात बाहेर पडली तर?

समजा, सुटा घट खिशात किल्ल्यांसोबत ठेवला. घटाचे सबंध कवच ऋण टोकाला जोडलेले असते. धन टोक आणि कवच यांच्यामध्ये फक्त एक बारीकशी कडी आणि वरचे पातळ वेष्टन. किल्लीने ही दोन्ही जोडली की मंडल लघु होते. घटाचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने धारा ३.६ ÷ ०.०५ = ७२ अँपिअर, आणि उष्णता सुमारे २६० वॅट. अंगठ्याएवढ्या जागेत एवढी उष्णता!

तापमान १३० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की आतली पट्टी वितळू लागते आणि थर एकमेकांना भिडतात. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढतात, त्या क्रियांतून आणखी उष्णता निघते. काही प्रकारची ऑक्साइडे तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतात. म्हणून अशी आग नुसती झाकून विझत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. मीरा-भाईंदरहून खाडी ओलांडली की वसई. तेथे २३ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे एका घरात चार्जिंगला लावलेल्या विद्युत स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवड्याभरात दगावला. स्कूटरच्या बॅटरीपुढे विजेरीचा घट लहान खरा, पण धडा दोहोंना एकच : सारे झोपलेले असताना बॅटरी भारित करत ठेवू नये.

मग काळजी कोणती घ्यावी? घट ४.२ व्होल्टला पूर्ण भारित होतो. तेथे आपोआप थांबणारा, याच जातीच्या घटांसाठी असलेला चार्जरच वापरावा. चार्जिंग लादीवर करावे. गादीवर, उन्हात किंवा दाराच्या वाटेत नको. लहान घरात दाराशीच आग लागली तर बाहेर पडायचे कोठून? सुटे घट प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. वेष्टन फाटलेला, चेपलेला, फुगलेला किंवा वास येणारा घट पुन्हा वापरू नये. दोन घटांच्या विजेरीत जुना-नवा अशी जोडी लावू नये. दुबळा घट आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला ओढत नेतो. वेष्टनावर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ असे छापलेले दिसले तर तो घट घेऊच नका. या मापाच्या चांगल्या घटाची धारिताही साधारण ३५०० च्या आसपास असते. जो धारितेबाबत खोटे छापतो, त्याच्या सुरक्षिततेवर कोण विश्वास ठेवील?

घट धुमसू लागला तर हातात धरू नका. त्याचा धूर विषारी असतो. सर्वांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलाला कळवा. निकामी घटाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कचऱ्याच्या गाडीत तो चिरडला, तर आगीला निमित्त मिळते.

शिक्षकांना एक सूचना. ओहमचा नियम शिकवताना वरचे ७२ अँपिअरचे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे. प्रयोग मात्र कोरड्या घटावर आणि रोध जोडूनच करावा. लिथियम घट उघडून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एवढेच पाहावे : आपल्या घरातली बॅटरी रात्री कोठे भारित होते, आणि तिच्याजवळ कोण झोपते?