अमेरिकन चेस्टनटचे पुनरुज्जीवन

अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांत चेस्टनट हा एके काळी प्रमुख वृक्ष होता. १९०४ साली न्यूयॉर्क येथे त्यावर आशियातून आलेल्या बुरशीचा रोग आढळून आला. पुढील पन्नास वर्षांत सुमारे ४०० कोटी वृक्ष त्यास बळी पडले. तथापि ही जाती निर्वंश झालेली नाही. बुरशी खोडाची साल मारते, मुळे मारीत नाही. मुळांतून धुमारे फुटतात, परंतु बहुधा फळण्यापूर्वीच ते पुन्हा रोगग्रस्त होतात. १९८३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनचे स्वयंसेवक रानात तग धरून फुललेली झाडे शोधतात, फुलोऱ्यास पिशव्या बांधून हाताने परागण करतात आणि चिनी चेस्टनटपासून झालेल्या संकरित संततीचा अमेरिकन झाडांशी पुनःपुन्हा संकर घडवितात. रोगप्रतिकारशक्ती अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने ती या क्रमात क्षीण होते, असा अनुभव आला. म्हणून आज पेरलेल्या बीचे अरण्य पाहणे पुढील पिढीच्याच वाट्यास येईल.