काळ्या पेल्यातला पांढरा फेस

चीनच्या फुज्येन प्रांतात ज्येनयांगजवळ श्वेजी नावाचं गाव आहे. तिथल्या टेकड्यांवर अजूनही काळ्या खापऱ्यांचा खच सापडतो. सोंग राजवटीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, इथल्या भट्ट्या लाखोंनी चहाचे पेले भाजत होत्या. डोंगरउतारावर चढत गेलेल्या या लांबोळक्या भट्ट्यांना चिनी लोक 'ड्रॅगन भट्टी' म्हणतात. उत्खननात त्यातली एक तब्बल १३५ मीटर लांबीची निघाली.

हे पेले काळे झाले ते चहामुळे. त्या काळी वड्या करून ठेवलेला चहा कुटून, बारीक पूड करून, गरम पाण्यात घुसळत. वर पांढरा फेस यायचा. कोणाचा फेस जास्त पांढरा आणि जास्त वेळ टिकतो, यावर शर्यती लागत. पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार? काळं भांडंच हवं. अकराव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या त्साय श्यांगने इथल्याच पेल्यांची शिफारस करताना त्यांचा जाडपणाही वाखाणला, कारण त्यात चहा लवकर निवत नाही. पुढे सम्राट ह्वेजोंगनेही याच पेल्यांना पसंती दिली. दरबारात जाणाऱ्या काही पेल्यांच्या बुडावर तशी अक्षरं कोरलेली आढळतात.

पेला हातात घेतला तर आधी जड लागतो. बाहेरची झिलई खाली ओघळत आलेली असते, पण बुडाच्या जरा वर जाड कड धरून थांबते. कधी तिथेच एखादा थेंब लोंबतो. त्याखाली उघडी, खरखरीत, गडद माती. झिलई आणखी बोटभर उतरली असती, तर पेला भट्टीतल्या आधाराला चिकटून बसला असता.

माती आणि झिलई, दोन्हींत लोह भरपूर. सुमारे १३०० अंशांना उकळत्या गुळाच्या पाकासारखी झिलई बुडबुडते आणि ते बुडबुडे लोह वर आणतात. झिलई जागच्या जागी राहिली तर चंदेरी ठिपके उमटतात, त्यांना 'तेलाचे थेंब' म्हणतात. ती ओघळली तर तेच ठिपके ताणले जाऊन 'सशाची लव' होते. आच थोडी चढली, भट्टी थोडी लवकर निवली, की नक्षी बदलली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या झिलईत लोहाच्या ऑक्साइडचं एक अत्यंत दुर्मीळ रूप सापडलं. ते शुद्ध स्वरूपात बनवणं आजच्या प्रयोगशाळांनाही जड जातं.

ठिपक्यांभोवती निळसर झळाळी असलेले पेले तर सर्वांत विरळा. अखंड आणि निर्विवाद मानले जाणारे तीनच, आणि तिन्ही जपानमध्ये. टोकियो, ओसाका आणि क्योतोत ते राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले आहेत.

१३९१ मध्ये मिंग सम्राटाने वड्यांच्या चहाचा नजराणा बंद केला आणि सुट्या पानांचा चहा रूढ झाला. फेस गेला, तशी काळ्या पेल्याची गरजही गेली. ही कला पुन्हा जमवायला १९७९ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि १९८१ मध्ये 'सशाची लव' साधली. २०११ मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली. आता बरेच कारागीर विजेची भट्टी वापरतात, काही मात्र लाकडाचीच पेटवतात आणि फुकट जाणारे पेले हिशेबात धरूनच बसतात. सोंग काळातल्या कुंभाराला फेस दिसणारा, ऊब धरणारा पेला हवा होता, नक्षी वरकड मिळाली. आजचं गिऱ्हाईक त्या वरकड नक्षीचेच पैसे मोजतं, आणि भट्टीपुढे बसलेल्याला नेमकी तीच मागून मिळत नाही.