धानाच्या बांधीतले प्रकाशगृह

पब असो की दागिन्यांचे दालन, तिथला प्रकाशयोजनाकार भिंतींपेक्षा अंधाराशी जास्त झगडतो. काय दिसू द्यायचे नाही हे एकदा ठरले, की उरलेली जागा खोल किंवा जवळची वाटू लागते. ही कला महानगरांची समजली जाते. चंद्रपूर-गडचिरोलीत ती धान निघाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, रात्ररात्र चालते. या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीची चर्चा नट, संहिता आणि गाण्यांभोवती फिरते. पण या रंगभूमीचे नाट्यगृहच प्रकाशाने उभे राहते, आणि ते उभे करणारा माणूस पूर्ण अर्थाने रचनाकार आहे, असे माझे म्हणणे आहे.

मंडई म्हणजे गावजत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावात नाटक ठरते, वडसा म्हणजे देसाईगंजहून मंडळी येते आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. तिथे पक्क्या भिंती नसतात. कनातीच्या आतल्या मोकळ्या जागेला घरपण येते ते दिव्यांमुळे. दंडार या जुन्या लोकनाट्याच्या काळात टेंभे होते, मग गॅसबत्ती, विजेचे दिवे आणि आता एलईडी. टेंभ्याच्या काळी नटाला उजेडाजवळ यावे लागे. विजेमुळे उजेडच नटाकडे जाऊ लागला. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या शोधामुळे लाल, हिरवा, निळा मिसळून एकाच दिव्यातून हवा तो रंग काढता येतो, तोही कमी विजेत. आज या गावी तर उद्या त्या गावी जाणाऱ्या मंडळीला याचे मोल फार.

हा प्रकाश भडक असतो, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक गाण्याला तीच चकमक दिली तर तो खराच. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसायचा, पहाटेपर्यंत त्याला जागे ठेवायचे, तर नाजूक छटा पुरत नाहीत. भडकपणा इथे प्रेक्षकाच्या अंतरातून आणि प्रयोगाच्या लांबीतून येतो. दुसरा आक्षेप असा, की आराखडा आणि पदवी नसेल तर ती निव्वळ तारा जोडण्याची कारागिरी. बंगाली रंगभूमीचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ नाटकात कोळसा खाणीत शिरणारे पाणी केवळ प्रकाशातून दाखवले. ते पाणी पदवीने आणले नव्हते. दिवा, कोन आणि वेळ यांच्या अचूक जाणिवेने आणले होते. कोळसा खाणींचा आणि २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचा चंद्रपूर जिल्हा असे नाटक आपल्या मातीतून उभे करू शकतो.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हा या रंगभूमीचा रास्त गौरव आहे. आता मंडळांनी प्रत्येक पत्रकावर प्रकाशयोजनाकाराचे नाव ठळक छापावे, आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने गॅसबत्तीच्या काळातले जाणकार हयात आहेत तोवर त्यांच्या पद्धती नोंदवून घ्याव्यात.