भूल, कणा आणि शुद्ध

पाठीवर ओझे वाहून पोट भरणाऱ्या माणसापुढे मणक्याच्या शस्त्रक्रियेचे नाव काढावे, तर तो शस्त्राला भीत नाही, भुलीला भितो. "शुद्धच आली नाही तर?" हा प्रश्न हमालांच्या संघटनेत काम करताना मी कितीतरी वेळा ऐकला आहे. आपल्या औसा तालुक्याला कण्याच्या दुखापतीची वेगळी ओळख करून द्यावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माळवदे अंगावर कोसळली, तेव्हा ती आपण पाहिली आहे. म्हणून या भीतीला माहितीने उत्तर दिले पाहिजे. मी डॉक्टर नव्हे. वाचून आणि विचारून जे समजले ते सांगतो.

शिरेतून भूल देण्याची पद्धत रुळली ती १९३४ साली थायोपेन्टोन वापरात आल्यानंतर. त्याने अर्ध्याएक मिनिटात शुद्ध हरपते. मात्र एका मात्रेनंतर जाग लवकर येते ती औषध शरीराबाहेर गेले म्हणून नव्हे, तर ते मेंदूतून निघून स्नायूंत व चरबीत जाऊन बसते म्हणून. मोंढ्यातील गोदामे रिकामी असेपर्यंत रस्ता मोकळा राहतो. ती भरली की गाड्या रस्त्यावरच तुंबतात. तसेच हे औषध पुनःपुन्हा दिले की जाग लांबते. कण्याची शस्त्रक्रिया अनेकदा कित्येक तास चालते. तिला ते सोयीचे नाही.

१९८६ च्या सुमारास प्रोपोफॉल आले. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात मिसळून देतात आणि दुधासारखे पांढरे दिसते. यकृत त्याची विल्हेवाट झपाट्याने लावते. त्यामुळे रुग्ण लवकर व स्वच्छ शुद्धीवर येतो, मळमळ आणि उलटीही कमी होते. परंतु त्याने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि वेदना शमविण्याचा गुण त्यात जवळजवळ नाही.

केटामीन १९६२ साली तयार झाले. ते वेदना शमविते, आणि श्वास व रक्तदाब बहुधा टिकवून धरते. म्हणून युद्धात व आपत्तीत त्याचे मोल मोठे. जागे होताना विचित्र स्वप्ने व भास होणे हा त्याचा दोष. दीर्घकाळ अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णाला ते अल्प प्रमाणात जोडीला दिल्यास शस्त्रक्रियेनंतर त्या औषधांची गरज कमी होते. डेक्समेडेटोमिडीन हे चौथे औषध शांत झोप आणते व श्वास फारसा दाबत नाही; मात्र नाडी मंदावते.

कण्याच्या बाबतीत निवडीला आणखी एक कारण आहे. मज्जारज्जूला इजा तर होत नाही ना, हे चालू शस्त्रक्रियेतच कळले पाहिजे. १९७३ साली फ्रेंच डॉक्टरांनी एक रीत प्रसिद्ध केली: रुग्णाला मध्येच जागे करून पाय हलवावयास सांगावयाचे! आता मेंदूपासून पायापर्यंत जाणारे विद्युत्संदेश यंत्रावर पाहता येतात. हुंगावयाच्या भुलीने ते संदेश बरेच क्षीण होतात, प्रोपोफॉलने त्या मानाने कमी. केटामीनने ते चांगले टिकतात. म्हणून अशा वेळी शिरेतील भूल पसंत करतात.

तेव्हा यांत श्रेष्ठ कोणते, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. रुग्णाचे हृदय, वय, सवयी आणि शस्त्रक्रियेची लांबी पाहून भूलतज्ज्ञ मिश्रण ठरवितो. पण त्याला खरे सांगणे आपल्या हाती आहे. तंबाखू, दारू, रोजच्या वेदनेच्या गोळ्या, पूर्वीच्या भुलीचा त्रास, हलणारे दात, काहीही लपवू नये. उपाशी राहावयास सांगितले असता चोरून चहा-भाकरी घेतली, तर पोटातील अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो; तेही सांगून टाकावे.

आणि शुद्धीवर येणे म्हणजे बरे होणे नव्हे. औषध निवडल्याने पहिले काही तास, फार तर काही दिवस, सुसह्य होतात. पुढे वेदना आटोक्यात राहणे, वेळीच चालू लागणे आणि कणा भरून येईतो ओझे न उचलणे, यांवर सारे अवलंबून असते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या कल्याणाचे तत्त्व मान्य केले. परंतु ज्याची त्यात नोंद नाही, त्याला विश्रांती म्हणजे उपासमार. मजुरीपायी अकाली पोत्याखाली गेलेली पाठ कोणत्याही भुलीने वाचत नाही. म्हणून चांगल्या भूलतज्ज्ञाइतकीच विश्रांतीच्या काळातील भाकरीही उपचाराचा भाग मानली पाहिजे, आणि ती मागितली पाहिजे.